धीर धरायला भरवसा लागतो

नाशिक जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत उन्हाळ कांदा निघाला, की शेतकऱ्यापुढे दोन वाटा असतात. काढणी झाल्या झाल्या ट्रॅक्टर भरून लासलगाव किंवा पिंपळगावच्या बाजार समितीत न्यायचा आणि आवक दणकून असताना जो भाव निघेल तो पदरात पाडून घ्यायचा, ही एक. दुसरी म्हणजे कांदा चाळीत भरायचा, वजनातली घट, सड आणि कोंब यांचं नुकसान सोसायचं आणि पावसाळ्याच्या शेवटी आवक आटली की चाळ फोडायची. दुसरी वाट धिराची आहे आणि भाव चढले तर नफ्याचीही. पण या चढत्या भावाच्या तोंडावरच काय घडत आलं ते पाहा. २०१९ साली २९ सप्टेंबरला कांद्याच्या निर्यातीवर बंदी आली. २०२० साली १४ सप्टेंबरला पुन्हा आली. २०२३ साली १९ ऑगस्टला निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसलं आणि ८ डिसेंबरला बंदीच आली. या शेवटच्या बंदीची मुदत ३१ मार्चपर्यंत आहे असं अधिसूचनेत लिहिलेलं होतं. मार्च सरण्याआधीच ती पुढील आदेशापर्यंत वाढवण्यात आली आणि उठली ती मे महिन्याच्या सुरुवातीला. शहरातल्या ग्राहकाला कांदा परवडावा हा सरकारचा हेतू समजण्यासारखा आहे. पण हे सगळं पाहिलेला शेतकरी पुढच्या वर्षी चाळीत काही न भरता उन्हाळ्यातच मिळेल त्या भावाला माल विकून मोकळा झाला, तर त्याला उतावळा म्हणायचं का?

धीर हा आपल्याकडे स्वभावाचा गुण मानला जातो. ज्याच्यापाशी तो आहे त्याने पै-पै जोडली, मुलं शिकवली, घर बांधलं. ज्याच्यापाशी नाही त्याने हाती आलेला पैसा उडवला, असा हिशेब आपण सहज मांडतो. बचतीचं महत्त्व पटवून देणारी शिबिरं, आर्थिक साक्षरतेच्या मोहिमा, शाळेतले संयमाचे पाठ, हे सारं याच समजुतीवर उभं आहे. गरिबाला उद्याचा विचार करता येत नाही, तो करायला शिकवावं, असा त्यांचा सूर असतो. गेल्या काही दशकांत मानसशास्त्रात आणि अर्थशास्त्रात जे प्रयोग झाले, त्यांतून मात्र वेगळं चित्र पुढे येतं. माणूस किती थांबायला तयार होतो, हे त्याच्या स्वभावावर जितकं ठरतं तितकंच भोवतालची माणसं आणि संस्था दिलेला शब्द कितपत पाळतात यावरही ठरतं. लोकांनी धीर धरावा असं वाटत असेल, तर त्यांना उपदेश करण्याआधी शब्द देणाऱ्यांकडे पाहायला हवं, हा या लेखाचा मुद्दा आहे.

अर्थशास्त्रात धीर मोजण्याची रीत साधी आहे. आज हजार रुपये घेता, की वर्षाने दीड हजार? आजचे हजार घेणारा कमी धिराचा, थांबणारा जास्त धिराचा. असेच प्रश्न विचारून ७६ देशांतल्या सुमारे ८० हजार लोकांची पाहणी करण्यात आली आणि तिचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. ज्या देशांतले लोक सरासरीने अधिक थांबायला तयार होते, ते देश दरडोई उत्पन्नातही पुढे होते. स्वीडन आणि नेदरलँड्स त्यांत वरच्या स्थानी होते. यावरून कुणी चटकन म्हणेल, धीर धरणारे श्रीमंत होतात आणि उतावळे मागे पडतात. पण मूळ प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न दडलेला आहे. वर्षाने दीड हजार देणार कोण, आणि तो देईल हे कशावरून? तीनपैकी एका वेळी तरी हा माणूस शब्द फिरवेल असं मला वाटत असेल, तर त्या दीड हजारांची माझ्या लेखी किंमत हजारच उरते. त्याहूनही कमी भरवसा असेल, तर आजचे हजार उचलणं हाच शहाणपणाचा व्यवहार. ज्याला उद्याची पर्वा नाही आणि ज्याला उद्या पैसे मिळतील याची खात्री नाही, ती दोन्ही माणसं एकच उत्तर देतात. पाहणी करणाऱ्याच्या वहीत दोघांची नोंद एकाच रकान्यात होते आणि दुसऱ्याच्या पदरी पहिल्याचा दोष पडतो.

हा फरक लहान मुलांवरच्या एका प्रयोगात फार स्पष्ट दिसतो. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत वॉल्टर मिशेल या मानसशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकाच्या अखेरीस केलेले मार्शमॅलोचे प्रयोग आता सर्वश्रुत आहेत. एक मिठाई आत्ता खा, किंवा मी परत येईपर्यंत थांबलास तर दोन मिळतील, असं मुलाला सांगायचं आणि ते किती वेळ थांबतं ते मोजायचं. जी मुलं जास्त थांबली ती पुढे शाळेत सरस ठरली, असं नंतरच्या पाठपुराव्यात दिसलं आणि आत्मसंयम म्हणजे यशाची किल्ली ही गोष्ट जगभर पसरली. २०१३ साली सेलेस्ट किड आणि तिच्या सहकाऱ्यांनी रोचेस्टर विद्यापीठात याच प्रयोगाला एक जोड दिली. त्यांनी २८ मुलं घेतली आणि मिठाईचा प्रश्न येण्याआधी प्रत्येकाला चित्र काढायला बसवलं. समोर झिजलेल्या, वापरलेल्या खडूंची बरणी ठेवली आणि सांगितलं, जरा थांबलास तर मी चांगले खडू घेऊन येते. निम्म्या मुलांना खरोखरच नवे खडू आणून दिले. उरलेल्या निम्म्यांकडे बाई रिकाम्या हाताने परतल्या आणि म्हणाल्या, माफ कर, माझी चूक झाली, ते खडू नाहीत. मग असाच प्रकार चिकटचित्रांच्या बाबतीत झाला. त्यानंतर मिठाई समोर आली.

ज्यांना खडू मिळाले होते ती मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली. १४ पैकी ९ जणांनी पूर्ण १५ मिनिटं काढली. ज्यांना दोनदा शब्द देऊन तो मोडला गेला होता ती सरासरी तीन मिनिटंच थांबली आणि त्यांच्यातलं एकच मूल शेवटपर्यंत टिकलं. कोणत्या गटात कोण, हे मुलांच्या स्वभावावरून ठरवलेलं नव्हतं. चिठ्ठ्या टाकून वाटणी व्हावी तशी ती केलेली होती. म्हणजे मुलं तीच, वय तेच, खोली तीच, आणि काही मिनिटांच्या अनुभवाने त्यांच्या धिरात चौपट अंतर पडलं. खुद्द मिशेलनेही १९५०च्या दशकात त्रिनिदादमधल्या मुलांबरोबर काम करताना, आज छोटी गोळी की काही दिवसांनी मोठी, या निवडीत समोरच्या माणसावरच्या विश्वासाचा वाटा असावा हे हेरलं होतं. पण संयमाची गोष्ट सांगायला सोपी होती, त्यामुळे विश्वासाचा धागा मागे पडला.

मोठ्या माणसांचं यापेक्षा वेगळं नाही. २०१३ सालीच कोलोराडो विद्यापीठातल्या संशोधकांनी प्रौढांना काही काल्पनिक व्यक्तींची वर्णनं वाचायला दिली, काही भरवशाच्या माणसांची तर काही बेभरवशाच्या. या व्यक्तीकडून आज थोडे पैसे घ्याल की नंतर जास्त, असं विचारल्यावर बेभरवशाच्या माणसाच्या बाबतीत लोक थांबायला फारसे राजी नव्हते. उत्तर देणारा माणूस बदलला नव्हता, बदलला होता तो देणारा. इटलीतल्या घराघरांच्या व्यवहारांवर लुइजी गुइसो, पाओला सापिएन्झा आणि लुइजी झिंगालेस यांनी २००४ साली जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात हीच गोष्ट व्यापक पातळीवर दिसते. ज्या भागांत परस्परविश्वासाची परंपरा घट्ट आहे तिथली कुटुंबं धनादेश जास्त वापरतात, शेअरमध्ये जास्त पैसे घालतात आणि रोकड घरात कमी ठेवतात. शेअर घेणं म्हणजे अनोळखी माणसांच्या हाती आज पैसे देऊन उद्याची वाट पाहणं. ती वाट पाहायची तयारी आजूबाजूच्या वातावरणातून येते.

यावर पहिला आक्षेप असा येतो, की हे सगळं गरिबीचं दुसरं नाव आहे. ज्याच्या घरात आज चूल पेटायची चिंता आहे, तो वर्षभर थांबणार कसा? आक्षेपात तथ्य आहे. मार्शमॅलोचा प्रयोग नऊशेहून अधिक मुलांवर तपासून २०१८ साली जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात कुटुंबाची परिस्थिती हिशेबात घेतल्यावर मुलाचा संयम आणि पुढचं यश यांच्यातलं नातं बरंचसं विरून गेलं. टंचाई माणसाला आजपाशी बांधून ठेवते, यात शंका नाही. पण गरिबी आणि विश्वास या दोन गोष्टी वेगळ्या करून पाहता येतात, आणि तशा त्या बांगलादेशात पाहिल्या गेल्या. जॉन जाकिमोविच आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ग्रामीण बांगलादेशातल्या १२१ युनियन परिषदांचा, म्हणजे तिथल्या सर्वांत लहान स्थानिक स्वराज्य संस्थांचा, समावेश होता. त्यांतल्या काही ठिकाणी दोन वर्षं गावकऱ्यांचा आपल्या समाजावरचा विश्वास वाढावा यासाठी काम केलं गेलं, बाकीच्या ठिकाणी नाही. जिथे ते झालं तिथे लोकांचा एकमेकांवरचा भरवसा वाढलेला आढळला, आणि नंतरच्या मोठ्या लाभासाठी थांबायची तयारीही तिथे जास्त दिसली. अडीनडीला शेजार धावून येईल असं वाटत असलं, की हातातली रक्कम आजच खर्च करायची निकड कमी होते, असा संशोधकांचा अर्थ आहे. गरिबी हटवण्याची गरज यामुळे तसूभरही कमी होत नाही. पण गरिबी हटेपर्यंत काहीच करता येत नाही, हे म्हणणं मात्र टिकत नाही.

दुसरा आक्षेप स्वभावाचा. एकाच घरातल्या दोन भावांपैकी एक काटकसरी आणि दुसरा उधळ्या निघतो, तेव्हा भोवतालच्या विश्वासाची गोष्ट कुठे जाते? माणसामाणसांत फरक असतो हे मान्यच आहे आणि आत्मसंयमाचा पुढच्या आयुष्याशी संबंध दाखवणारे गंभीर अभ्यासही आहेत. पण स्वभावच सगळं ठरवत असता, तर एकच माणूस सगळीकडे सारखा वागायला हवा होता. अहिल्यानगर, पुणे, सोलापूर या जिल्ह्यांत कांदा आणि ऊस दोन्ही घेणारे शेतकरी आहेत. जो शेतकरी कांद्याला चार महिने चाळीत ठेवायला कचरतो, तोच आडसाली उसाला सोळा ते अठरा महिने पाणी आणि खत घालत राहतो. उसाला रास्त आणि किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, कायद्याने ठरलेला आहे आणि घेणारा कारखाना माहीत असलेला आहे. कांद्यामागे असा कोणताच शब्द उभा नाही. उसासाठी दीड वर्ष थांबणाऱ्या माणसाच्या अंगी धीर नाही असं कोण म्हणेल? पिकांमध्ये इतरही फरक आहेत, ऊस रानात उभा राहतो आणि कांदा चाळीत सडतो, हे खरं. तरीही ज्या पिकाचा दर आधी माहीत आहे त्यावर माणसं वर्षानुवर्षं वाट पाहायला तयार होतात, ही गोष्ट दुर्लक्षून चालणार नाही.

तिसरा आक्षेप अधिक बारकाईचा आहे. भारतात संस्थांवरचा विश्वास कमी असेल, पण लोक बचत तर करतात. घरोघरी लेकीच्या लग्नासाठी सोनं जमतंच की. विश्वास नसूनही धीर असतोच, असा याचा अर्थ होत नाही का? माझ्या मते इथे बचतीचं रूप नीट पाहायला हवं. सोनं, जमीन, घरातली रोकड, या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे: त्यांच्यामागे दुसऱ्या कुणाचा शब्द लागत नाही. बांगडी कपाटात आहे तोवर ती आपली आहे; ती देण्यासाठी कुणी व्यवस्थापक, संचालक किंवा अधिकारी राजी व्हावा लागत नाही. अविश्वासाने बचत मरत नाही, पण ती अशा जागी जाऊन बसते जिथून ती दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडत नाही. कपाटातल्या सोन्यातून शेजारच्या तरुणाचं वर्कशॉप उभं राहत नाही. धीर असतो, पण तो एकट्याचा असतो, आणि समाजाला त्याचं फळ मिळत नाही.

एकट्याचा धीर आणि सगळ्यांचा धीर यांतला फरक पाहायचा असेल तर भिशीचा हिशेब मांडून बघावा. बारा जणींनी महिन्याला दोन-दोन हजार रुपये काढले तर दर महिन्याला चोवीस हजार जमतात, आणि चिठ्ठी निघेल तिला ते मिळतात. जिला पहिल्याच महिन्यात भिशी लागली, तिने स्वतःचे दोन हजार घालून चोवीस हजार उचलले. पुढचे अकरा महिने ती बिनव्याजी कर्ज फेडत असते. जिची चिठ्ठी सर्वांत शेवटी निघाली तिने अकरा महिने दुसऱ्यांच्या हातात पैसे दिले आणि बाराव्या महिन्यात आपलेच परत घेतले. कागद नाही, तारण नाही, कोर्टात जाण्याची सोय नाही. ज्यांना आधीच भिशी लागून गेली आहे त्या पुढचे हप्ते भरतील, एवढ्या एकाच गोष्टीवर शेवटचीचा धीर टिकून असतो. आळीतली ओळख, कचेरीतलं रोजचं तोंड, चारचौघांतली अब्रू, हे त्या व्यवहाराचं तारण. म्हणूनच हातावर पोट असलेल्या बायकाही भिशीत वर्षभर थांबतात. पण भिशीची ताकद ओळखीच्या वर्तुळापुरतीच पोचते. बारा जणींच्या ओळखीवर कारखाना, शाळा किंवा रुग्णालय उभं राहत नाही. त्यासाठी अनोळखी माणसांनी अनोळखी माणसांसाठी थांबावं लागतं, आणि तिथे अब्रूची जागा संस्थेने घ्यावी लागते.

इथे सर्वांत जड आक्षेप पुढे येतो. संस्थांवर विश्वास ठेवूनच तर लोक बुडाले. भरवशाच्या म्हशीला टोणगा, हा अनुभव महाराष्ट्राला नवा नाही. पतसंस्था आणि सहकारी बँका बुडाल्याच्या बातम्या इथे नेहमीच्या आहेत. २३ सप्टेंबर २०१९ रोजी पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले, तेव्हा ठेवीदाराला सहा महिन्यांत एक हजार रुपये काढायची मुभा मिळाली. ती मर्यादा पुढे टप्प्याटप्प्याने वाढवली, तरी ज्यांनी आयुष्यभराची पुंजी तिथे ठेवली होती त्यांचं औषधपाणी आणि मुलांची फी अडली. जानेवारी २०२२ मध्ये ती बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली, पण मोठ्या ठेवींच्या उरलेल्या रकमेसाठी दहा वर्षांपर्यंतचे टप्पे ठरले. या माणसांनी धीर धरला आणि त्याचीच त्यांना शिक्षा झाली. मग लोकांना विश्वास ठेवा म्हणणं ही फसवणूक नव्हे का? हो, नुसतं तेवढंच म्हटलं तर ती फसवणूकच आहे. विश्वास वाढवणं हे स्वतंत्र ध्येय होऊच शकत नाही. वाढवायची आहे ती विश्वासाची लायकी: हिशेब तपासले जाणं, लबाडी वेळीच उघड होणं, आणि शब्द मोडला गेला तर नुकसान ठेवीदाराच्या डोक्यावर न पडणं.

हे होऊ शकतं, याचा पुरावा आपल्याच इतिहासात आहे. १९६० साली केरळातली पलाई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली. लोकांना बँकांवर श्रद्धा ठेवा असं सांगून तो हादरा भरून निघाला नसता. संसदेने ठेव विम्याचा कायदा केला आणि १ जानेवारी १९६२ पासून प्रत्येक ठेवीदाराच्या दीड हजार रुपयांपर्यंतच्या ठेवीला संरक्षण मिळालं. १९७०च्या दशकापासून सहकारी बँकाही या छत्राखाली येऊ लागल्या. फेब्रुवारी २०२० मध्ये ही मर्यादा एक लाखावरून पाच लाखांवर गेली. २०२१ साली कायद्यात दुरुस्ती होऊन, बँकेवर निर्बंध आले तरी विम्याची रक्कम नव्वद दिवसांत ठेवीदाराच्या हाती पडावी, अशी तरतूद झाली. यातली शेवटची सुधारणा मला सर्वांत मोलाची वाटते, कारण तिने रकमेबरोबर तारखेचंही वचन दिलं. पैसे मिळतील, पण कधी ते सांगता येत नाही, हे उत्तर माणसाचा धीर जितका खचवतं तितकं नुकसानही खचवत नाही.

ऊसदराच्या कायद्यातही हीच तारीख आहे. १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस कारखान्यात पोचल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यावे लागतात, आणि उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के दराने व्याज द्यावं लागतं. दर हंगामात थकबाकीसाठी आंदोलनं होतात ती याच चौदा दिवसांसाठी. २०२२ साली राज्य सरकारने एफआरपी दोन हप्त्यांत देण्याची मोकळीक दिली होती. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. कारखान्यांपुढे भांडवलाच्या अडचणी असतात, हे खरं आहे. पण दीड वर्ष थांबलेल्या माणसाला आणखी थांब म्हणताना आपण त्याच्या पुढच्या धिरातून उचल घेतो, आणि ती उचल कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही. तो शेतकरी पुढच्या खेपेस लवकर निघणारं पीक घेईल, सावकाराकडून उसने पैसे घेईल किंवा ऊस वाटेत गुऱ्हाळाला घालेल, आणि आपण पुन्हा त्याच्या उतावीळपणावर बोट ठेवू.

म्हणून बचतीच्या मोहिमा आणि आर्थिक साक्षरतेचे वर्ग बंद करावेत असं नाही. चक्रवाढ व्याजाचं गणित प्रत्येकाला यायलाच हवं. पण ज्याच्या शिष्यवृत्तीचे पैसे वर्ष उलटलं तरी खात्यावर आलेले नाहीत, त्या विद्यार्थ्याला वर्गात संयमाचा धडा देऊन उपयोग नाही. तो धडा त्याला कचेरीच्या खिडकीवर कधीच मिळालेला असतो, आणि उलटा मिळालेला असतो. सरकार, बँका, कारखाने, विमा कंपन्या, शाळा, ज्यांच्यापाशी लोकांचा पैसा किंवा हक्क अडकलेला असतो, त्या सर्वांच्या बाबतीत तीन गोष्टी आग्रहाने मागायला हव्यात. प्रत्येक देण्याला तारीख असावी. तारीख चुकली तर व्याज किंवा भरपाई अर्ज न करता, खेटे न घालता आपोआप खात्यावर जमा व्हावी. आणि ज्या धोरणावर लोक महिने-वर्षं आधी पैसे गुंतवतात, ते धोरण हंगामाच्या मध्यावर बदलू नये. बदलावंच लागलं, तर ज्यांनी जुन्या शब्दावर विसंबून पैसे घातले त्यांचं नुकसान सरकारने सोसावं. याला पैसा लागेल. पण एकदा मोडलेला शब्द पुन्हा बसवायला त्याहून जास्त लागतो, आणि तोवर लोक आपली पुंजी कपाटात बंद करून ठेवतात. धीर धरा असं म्हणण्याचा अधिकार शब्द पाळणाऱ्यालाच असतो. आपल्या संस्थांनी तो अधिकार आधी कमवावा आणि मगच लोकांच्या संयमाची परीक्षा घ्यावी.